ट्रायल

गड्ड्याची यात्रा उठली, पाळणे ट्रकवर चढले,
त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.
चार गाड्या, पाच माणसं.
मल्लिनाथची बुलेट, ग्रॅच्युइटीतून घेतलेली, अजून तिचं प्लास्टिक निघायचंय;
अंबादासची युनिकॉर्न, सीटवर त्याच्याच मागावरचा टॉवेल,
कडेला वीण चुकलेली, म्हणून घरीच राहिलेला;
शैलजाची स्कूटी, जिला आदल्या रात्रीपर्यंत आम्ही हसत होतो;
आणि माझी येझदी, माझ्या लग्नाहून जुनी.

रौफला स्वतःची गाडी नाही.
तो माझ्या मागे बसला.

पंचवीस वर्षं त्यानं गाड्या चालवल्या
त्या फक्त ट्रायलला :
जोडबसवण्णा चौकातनं सात रस्ता, वळसा, परत.
मल्लिनाथनं एकदा हिशेब मांडला होता,
शे-दीडशे वेळा हैदराबादला जाऊन यावं
एवढे किलोमीटर,
सगळे त्या एका वळशात गुंडाळलेले.

सात रस्ता आला तसा
त्याचा हात आपसूक माझ्या खांद्यावर :
‘घे, वळव.’
मग स्वतःच हसला.
‘चुकलं बे. जा सरळ.’

विजापूर रोड. दोन्ही अंगांना शाळू,
कणसांत चीक भरलेला,
लांब कुठंतरी पाखरांवर डबा वाजतोय.
आम्ही बघत होतो. रौफ ऐकत होता.
‘मल्लूच्या चेनला तेल नाही.
अंबादास क्लच अर्धा धरून चालवतोय, प्लेटा खाणार.
शैलजाचं बरोबर आहे.
तुझी…’
बराच वेळ काही नाही.
‘तुझी राहू दे.’

तेरामैलला चहा.
मल्लिनाथनं नकाशा पसरला : बदामी, ऐहोळे, पट्टदकल,
आणि चहाचे पन्नास रुपये तिथंच वहीत लिहिले.
शैलजानं डिकीतनं कडक भाकरी काढली, शेंगाचटणी काढली,
आणि टपरीवाल्याकडं मोसरू मागितलं,
असं, की त्यानं पैसे घेतले नाहीत.
मल्लिनाथनं तेही लिहिलं : दही, शून्य.

मंद्रूपच्या पुढं बुलेट बसली.
आम्ही चौघं गाडीकडं बघितलं, मग रौफकडं.
तो बाभळीखाली मांडी घालून बसलेला,
तळहात उलटे करून बघत होता,
रेषांत भरलेलं काळं.
‘आज सुट्टी,’ म्हणाला.
आम्हाला वाटलं, गंमत.
गंमत नव्हती.
पंधरा मिनिटांनी शैलजा उकिडवी बसली,
औषधाच्या दुकानातली, चिमट्यात गोळी धरावी तसा
प्लग धरून.
रौफ तिथनंच : ‘पुसून घे. पदरानं नको. टॉवेल घे त्याचा.’
अंबादासचा टॉवेल शेवटी कामाला आला.

कुडलला भीमा आणि सीना भेटतात
तिथं पाण्याला घाई नाही.
देवळातल्या तुळईवर जुनी अक्षरं आहेत,
वाचेल त्याचं भलं होईल म्हणतात.
अंबादास तेलुगू शाळेतला,
बोट फिरवत राहिला दगडावर,
नवी वीण हाताला कळून घ्यावी तसं.
‘लागलं का काय?’
‘लागतंय,’ म्हणाला. ‘खरखरीत आहे.’

उन्हं कलली.
मी किल्ली रौफसमोर धरली.
‘बघ जरा, आवाज येतोय.’
आवाज येत नव्हता. त्याला माहीत होतं.
त्यानं किक मारली, एकच,
आणि फाट्याच्या दिशेनं गेला.

आम्ही उभे.
आता मंद्रूप असेल, मल्लिनाथ म्हणाला, आता वळेल.
घड्याळ बघितलं.
शाळूवरून येझदीचा आवाज येत राहिला,
बारीक होत, मग डावीकडं,
टाकळीच्या पुलाकडं,
मग नुसतं पाणी.

‘चला,’ शैलजा म्हणाली. तिची आधीच चालू होती.
मी अंबादासच्या मागे बसलो, तेलकट टॉवेलवर.
एक सांगायचं राहिलं होतं :
येझदी सकाळपासून रिझर्व्हवर आहे.
असू दे. आवाजावरनं कळलं असेल त्याला.