विंगेतली खुर्ची

दौलतगंजात समाजाच्या हॉलमध्ये
डाव्या विंगेत एक पत्र्याची खुर्ची असते,
ती माझी.
मांडीवर वही, वहीवर बॅटरी.
एकतीस वर्षं जिल्हा कोर्टात स्टेनो होते;
दुसऱ्याचं वाक्य पडण्याआधी झेलायची सवय,
म्हणून घारपुऱ्यांनी मला बोलावलं.

नाटक इंग्रजांच्या जुन्या राणीच्या काळातलं.
एका सरदाराच्या बहिणीला विष देतात,
देणारा ड्यूकचा भाचा, त्यामुळे चौकशी होत नाही.
भाऊ दारोदार न्याय मागत हिंडतो.
न्याय म्हणे पृथ्वी सोडून केव्हाच आभाळात गेला,
हे त्याला तिसऱ्या अंकात कळतं.
टेंब्यांना सातव्या वर्षी कळलं.

टेंबे म्हणजे आमचा भाऊ. वय अठ्ठावन्न,
केस काळे करून बत्तीसचे झालेले.
चौदा वर्षांपूर्वी फूलबागेच्या वळणावर, जानेवारीच्या धुक्यात,
त्यांची शाल्मली स्कूटीवर होती.
डिकीत गजकाचा डबा होता, तो फुटला नाही.
हे पंचनाम्यात आहे. मीच टाइप केलंय.

रक्त बिटाचं. घट्ट व्हावं म्हणून गुळाचा पाक.
तालीम संपली की स्टेजवर मुंग्या.
शेवटच्या अंकात आठ मुडदे पडतात,
आणि स्टेज आमचं लहान,
म्हणून घारपुऱ्यांनी खडूने जागा आखल्यात:
इथे ड्यूक, इथे भाचा, दासी थोडी तिरपी.
बदला कसा नेमका असतो, बघा.
कुणी कुठे पडायचं ते आधीच ठरलेलं.
कोर्टात माणूस कुठे पडला
यावरच चार वर्षं गेली.

प्रयोगाच्या दिवशी पंखे बंद होते, थंडीच तेवढी.
पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं, थांबले की वाचता येतं.
देणगीदार पहिल्या रांगेत, शाल पांघरून, शेजारी मुलगा.
मुलाचं वजन वाढलंय. पिंजऱ्यात उभा राहायचा
तेव्हा शर्ट सैल होता.

पाचवा अंक. भाचा गुडघ्यावर.
टेंब्यांनी चंदेरी कागदाची तलवार उचलली
आणि थांबले.
विसरले नव्हते. विसरलेला माणूस वर बघतो.
टेंबे पहिल्या रांगेकडे बघत होते.

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. असंच खोकले होते वकीलसाहेब,
आणि जेवणाच्या सुट्टीनंतर
चहावाला बनवारी म्हणाला होता, धुंध थी साहब, कुछ दिखा नहीं.
सकाळी तो दुसरंच बोलला होता.
साहेब म्हणाले, सकाळचं काटो.
मी काटलं.
पेन्सिलीने, एक सरळ रेघ. माझा हात चांगला होता.

मी ओळ दिली. वहीतली नव्हती ती.
हळू, पण तुटक तुटक, ऐकू जाईल अशी:
“गाडी सफेद थी.
चलानेवाले का मुँह मैंने देखा है.”

टेंब्यांनी विंगेकडे पाहिलं.
मग तेच बोलले, हिंदीत, पद्याच्या चालीवर,
सरदाराच्या आवाजात, तलवार तशीच वर.
लोकांना वाटलं, दिग्दर्शकाचं काही नवीन.
मागून एकाने टाळी वाजवली, एकट्यानेच.
पहिल्या रांगेत शाल नीट केली गेली.
एवढंच.
तलवार खाली आली, भाचा मेला,
आठही जण आपापल्या खडूवर पडले.

पडद्यामागे घारपुरे फणकारले,
“वसुधाताई, ड्यूकच्या राज्यात सफेद गाडी?”
मी काय सांगणार. बॅटरी विझवली.

टेंबे आले, हात कोपरापर्यंत लाल.
नमस्कार नाही, रागही नाही. विचारलं,
“कितव्या पानावर होतं ते?”
“एकशे बारा,” मी म्हणाले. “खोडलंय. वाचता येतं.”
त्यांनी मान हलवली,
पुढची तारीख ऐकल्यावर हलवतात तशी,
आणि जुन्या पेपराने हात पुसत राहिले.