उणे अठरा तास बावीस मिनिटं

कराडात, दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर
चादरींच्या खोलीला लागून माझं टेबल.
काम एवढंच : साप चावल्यापासून
पहिलं इंजेक्शन बसेपर्यंत गेलेला वेळ.
एका वेळेतून दुसरी वजा.
शेंबडं पोरही करेल, निकम डॉक्टर म्हणाले होते.

चारशे बारा ओळी.
सिस्टर मोमीन वेळ लिहितात लाल पेनानं, सुरेख,
तारीख मात्र पानाच्या डोक्यावर, एकदाच.
मध्यरात्र काही पान उलटून येत नाही.

म्हणून ओळ दोनशे सात :
भागूबाई झोरे, वय बावन्न,
ढेबेवाडीच्या वरल्या अंगाची वस्ती.
दंश १८:४२. औषध ००:२०.
मशीननं निमूट वजाबाकी केली,
उणे अठरा तास बावीस मिनिटं.
म्हणजे आधी औषध, मागून साप.
तसं असतं तर.

मी एक दिवस मिळवला.
आलं पाच पूर्णांक त्रेसष्ट.
वरच्या ओळीत पंचेचाळीस.
वरची मिनिटं होती, हिचे तास.
एकेक ओळ सुटी सोडवली की मशीन
आपल्या सोयीचं माप उचलतं
आणि रकान्यात नुसता आकडा ओततं,
शेर की पायली, बोलत नाही.
लहानापासून रांग लावली तर
भागूबाई पहिली.
सगळ्यांत लवकर पोचलेली बाई!

मापं सारखी केली. तीनशे अडतीस मिनिटं.
तरी ते बेचाळीस टोचत राहिलं.
बाकीचे सांगतात साडेसहा, सात,
दिवेलागण, भाकरी टाकताना.
चावताना घड्याळ कोण बघतं?

फोन लावला. पोरगा म्हणाला,
"डेअरीच्या पावतीवर हाय की वो, मॅडम.
तीन लिटर दोनशे, फॅट सहा चार,
खाली टाइम छापलाय."
मागून तिचाच आवाज, जरा चिडका :
"काटा बोचला आसंल म्हनलं.
धार काढून झाल्याली, दूध नासलं असतं.
क्यान घेतली डोक्यावर अन् उतारले खाली."

उतरायला किती वेळ लागतो?
"लई न्हाय."
मग थांबून,
"म्हशीनं पाय उचलला तवा
पत्र्यावर ऊन व्हतं अजून."

हे कुठल्या फॉरमॅटमध्ये वाचायचं
मला कुणी शिकवलेलं नाही.
पत्र्यावरचं ऊन मी तीनदा टाइप केलं, तीनदा खोडलं.

संध्याकाळी निकम डॉक्टर डोकावले. झालं?
म्हटलं, चारशे अकरा झाल्या.
दोनशे सातपुढे ३३८ लिहिलंय
आणि त्याला चिकटून एक अधिक.
आमच्यात त्याचा अर्थ, निदान इतका;
त्याहून किती, ठाऊक नाही.

चष्मा वर करून त्यांनी विचारलं, अधिक कशाचं?

उताराचं, म्हटलं.
डोक्यावर क्यान आहे.