साताचे खिळे

लाउइंगनला, नदीच्या अंगाला, आमचा छापखाना.
तिथे चाळीस वर्षं मी खिळे जुळवले,
म्हणजे चाळीस वर्षं जग उलटंच वाचलं:
स्तोत्रं, मयताची प्रवचनं,
दोन डोक्यांच्या वासराचं पत्रक
(सगळ्यात जास्त तेच खपलं).

मग एका फेब्रुवारीत, नदी गोठलेली असताना,
क्रिस्पिन आइजेनमान आला.
शाळामास्तर. कोटाची कोपरं फाटलेली, काखेत गठ्ठा.
सोडला, तर आत शब्दच नाहीत.
पानामागून पान आकडे,
मंगळ कुठल्या रात्री कुठे, अंशांत, कलांत.
मालक म्हणाले, वाचणार कोण हे?
तो म्हणाला, वाचायचं नाही. ताडून बघायचं.
आमच्याकडे तोवर
छापलं की ते झालं.

तिसऱ्या फर्म्यालाच सात संपले.
नऊ संपला तर सहाला डोक्यावर उभं करता येतं,
साताला तशी सोय नाही.
शिसं सगळं बंदुकीच्या गोळ्यांत गेलेलं.
मालकांनी जुन्या प्रार्थनापुस्तकाची पेटी काढली,
वेलबुट्टीची थोर अक्षरं,
त्यांच्या आजोबांनी कोरून घेतलेली.
गालुसने ती कढईत सोडली.
प्रभूच्या नावाचं पहिलं अक्षर
बराच वेळ वर तरंगत राहिलं,
मग तेही बसलं.
दिवेलागणीपर्यंत अडीचशे सात,
बोटांना अजून चटका देणारे.

पाद्री वोल्फहार्ट पाहायला आले.
वितळल्याबद्दल काही बोलले नाहीत.
एक ओळ बोटाने चाचपत म्हणाले,
ह्यात आपलं काय आहे?
मी म्हटलं, ठाऊक नाही, महाराज.
सात पुष्कळ आहेत.

पुस्तक निघालं तशी गावची माणसं आली.
रक्त कधी काढावं? डुक्कर कधी मारावं?
तांबटाची सून पोटावर हात ठेवून उभी होती,
तिने विचारलंच नाही.
दरसालच्या पंचांगात हे सगळं असे.
तक्त्यात नुसता मंगळ, आपल्या वाटेने चाललेला,
कोणाच्या डुकराशी देणंघेणं नसलेला.
माणसं दाराशी जराशी रेंगाळली
आणि पंचांगच घेऊन गेली.

त्या ऑगस्टात वाल्बुर्गा साथीत गेली.
आठ दिवसांत गल्लीतली अकरा घरं बंद.
देवळात सांगत होते, हे आपल्या पापांचं.
तिचं पाप कोणतं, मी शोधत बसलो.
एकदा शेजारणीचं अंडं ठेवून घेतलं होतं तिने.
रात्री अंगणात येऊन तक्ता उघडला,
एकोणीस तारीख, दुसरा रकाना.
मंगळ तिथेच होता जिथे मी त्याला बसवला होता.
आधी राग आला, की हलला कसा नाही.
मग का कोण जाणे, श्वास मोकळा झाला.
अंड्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

हिवाळ्यात क्रिस्पिन पुन्हा आला.
पान एकशे बारा, आठाच्या जागी तीन. काम माझंच.
मी मान खाली घातली.
एकदा स्तोत्रात एक 'नको' गळला होता माझ्या हातून,
तर तीन रविवार मेणबत्ती घेऊन
सगळ्यांसमोर उभा होतो.
तो मात्र फक्त म्हणाला,
शेवटी एक पान वाढवू. शुद्धिपत्र.
आणि खिशातून चिटोरा काढला:
माझ्याही दोन सापडल्यात, त्याही घाला.

ते पान मी सावकाश जुळवलं.
माझी चूक वर, त्याच्या दोन खाली.
गालुस म्हणाला, असलं पुस्तक घेणार कोण,
जे स्वतःच सांगतंय कुठे चुकलंय?
मी हात पुढे केला.
सात दे, म्हटलं.
इथेही लागतोय.