डावा स्पीकर

बजेट चार हजार. त्यातले दोनच घरी सांगितलेले.

उद्यमनगरात बाबालाल शिकलगारनं
ट्रायम्फभोवती दोन फेऱ्या मारल्या, म्हणाला,
"डॅशबोर्डला हात लावायचा न्हाई.
पंचावन्न वर्षांचा पत्रा हाय, कापला की गेला."

म्हणून जुना रेडिओ तसाच, मुका, तोंडापुरता.
खरा अँप सीटखाली, जॅकच्या जागेवर.
स्पीकर भंगारातल्या एका वडाप जीपचे,
गारगोटी रोडला पंधरा माणसं नि दोन बोकडं
ह्यांच्यावर आवाज काढून काढून
घसा बसलेले.

दाराची थरथर मात्र जाईना.
फेल्टचा भाव ऐकून मीच थरथरलो.
शेवटी मार्केट यार्डातनं गुळाचं बारदान आणलं,
डांबर फासून आतनं चिकटवलं.

रात्री रंकाळ्यावर टॉप उघडून बासरी लावली.
इंजिन बंद होतं तोवर छानच.
चालू केलं, आणि बासरी गेली.
बाबालाल म्हणाला, "मग? गाडी कशाला घेतलीस?"

आता रोज सकाळी
मुंग्यांची एक रांग दाराच्या फटीतनं आत जाते,
डाव्या स्पीकरकडं.
उजव्याकडं एकही नाही.
डावा जरा गोड वाजतो,
असं मलाही वाटतच होतं.