मागची बाजू

डुब्यूकच्या अग्निशमन केंद्राचा हॉल, फेब्रुवारीतला रविवार.
नदी गोठलेली. कॉफी पाणचट.
व्हर्न लिंडक्विस्ट सहा मोठे सेंट मांडतो,
सालाने नाही, किमतीने तर नाहीच:
एकाच साच्यातून पडलेली सहा नाणी,
साचा मरत गेला त्या क्रमाने.

पहिल्यावर काही नाही.
दुसऱ्यावर ताऱ्यापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ.
"बोट फिरव. वर आलीये ना?
ओरखडा असता तर आत गेला असता.
पोलादाला तडा जातो, आणि तांबं त्यात शिरतं."
चौथ्यावर रेघेचं दुसरं टोकही कडेला टेकलेलं.
सहाव्यावर दोन तारे नाहीतच,
त्या जागी गुळगुळीत, मुका उंचवटा.
साच्याचा कोपरा पडला,
आणि तिथे जेवढं उणं झालं
तेवढं इथे जास्तीचं.

तो साचा कुणीतरी भंगारात टाकला असेल,
जेवणाच्या सुट्टीआधी, किंवा नंतर.
त्याच्यामागे राहिली ती ही सहा.

दोनच्या सुमाराला एक बाई आली, जाडजूड कोटातली.
हातमोज्यातून तसाच काळवंडलेला सेंट काढला,
कडेला फुगवटा.
"आईच्या शिवणाच्या डब्यात होता.
शेजारी म्हणतो, हजार तरी येतील."

व्हर्नने भिंग उचललं नाही. आधी नाणं उलटं केलं.
"साचा खरंच फुटला असेल
तर धातू त्या पोकळीकडे धावतो,
आणि बरोबर मागे हार पुसट होतो.
तुमचा हार बघा. पान न् पान शाबूत."
मग भिंग.
"शिवाय इथे ताऱ्याचं टोक डोकावतंय.
तारा हरवलेला नाही, झाकला गेलाय.
कथलाचा डाग आहे हा, बाई.
कधीतरी इथे कडी होती."

तिचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याशी गेला.
"एक फोटो आहे," ती म्हणाली, "मी पाळण्यात,
आई वाकलेली.
तिच्या गळ्यातून काहीतरी लोंबतंय.
मला इतकी वर्षं ते बटण वाटायचं."

"दोन डॉलर," व्हर्न म्हणाला,
कारण भाव विचारलेला असला की सांगायचा असतो.

ती मोजे न घालताच बाहेर पडली,
एक मूठ मिटलेली.
मी पेट्या आवरायला घेतल्या.
व्हर्न सहावं नाणं पालथं घालून
त्याच्या पुसट हाराकडे बघत बसला होता,
भिंगाशिवाय.