पत्ता पाहायचा

मे महिना. गायत्रीनगरचा आयटी पार्क, तिसरा मजला.
बाहेर शेहेचाळीस. कूलरची टाकी आटल्याची
ती कोरडी घरघर, आणि माझ्यापुढे
पाणीपुरवठ्याच्या पंपांची कॉन्फिग फाईल :
बेचाळीस हजार ओळी, अठरा वर्षांचे हात,
कुठे टॅब, कुठे चार स्पेस, कुठे तीन,
कुणी घाईत सोडलेला अर्धा कंस.

जुना पार्सर ती वाचायला अकरा सेकंद घेतो.
ओळ उचलतो, ओळीची प्रत काढतो,
प्रतीचे तुकडे, तुकड्यांच्या पुन्हा प्रती,
एक चिन्ह सापडलं नाही की पहिल्यापासून सुरू,
झेरॉक्सचीही झेरॉक्स मागणारा तहसीलमधला बाबू.

अकरा सेकंदांनी काय होतं, मी विचारलं.
उईके मॅडम म्हणाल्या, वीज येते तेव्हा
तीनशे पंप एकामागून एक उठतात. कर हिशेब.
केला.
पंचावन्न मिनिटं.
तेवढ्यात नळ येऊन जातो.

माझे बाबा आरएमएसमध्ये सॉर्टर होते.
स्टेशनातली ती लांबट खोली, रात्रपाळी,
भिंतभर लाकडी खण : इटारसी, बल्लारशा, गोंदिया, भुसावळ.
एक नजर, मनगटाला झटका, पुढचं.
गेलेल्या पत्रामागे हात कधी गेला नाही.
मी विचारायची, आत काय लिहिलं असतं?
"वाचाचं नसते वो. पत्ता पाहाचा.
पत्र ज्याचं त्याले."

तर मीही तसंच लिहिलं.
फाईल एकदाच मांडायची, टेबलावर गोणी उलटावी तशी.
एक अक्षर, एक निर्णय, मागे फिरणं नाही.
शब्द उचलायचा नाही, कुठे सुरू आणि कुठे संपला
एवढे दोन आकडे पुरतात.
आणि # दिसला की ओळीच्या शेवटापर्यंत
डोळे मिटून उडी. तिथे माणसं माणसांशी बोलत असतात,
पंपाचं त्यात काही नाही.

बारा मिलिसेकंद. मी टाळी वाजवली, एकटीच.

दुपारी कळलं, दोन टाक्यांचं नाव एकच झालंय.
"टाकी #4" आणि "टाकी #9"
दोघींचंही अवतरणातच मुंडकं उडवलं होतं मी.
बाबा सांगायचे, पारड्या किती आहेत या मुलखात!
नुसतं पारडी वाचून फेकलं की गेलं दुसऱ्या जिल्ह्यात.
अवतरण उघडं आहे का, आधी बघायचं.
एक बिट वाढला. चौदा मिलिसेकंद.

पण चूक शोधताना मला त्या उड्यांच्या जागा
एकेक करून पाहाव्या लागल्या. आणि ओळ ३११२ वर :

# विलंब ७ च ठेवा. ६ केला की जरीपटक्याचा वॉल्व आदळतो,
# शेजारचं बाळ उठतं. – ठवकर, २००९

ठवकर कोण, ऑफिसात कुणाला माहीत नाही.
बाळ आता बारावीला असेल.
विलंब सातच आहे.
माझा पार्सर ते दोन तुकडे ओलांडतो
तेव्हा त्याला पापणीही लवावी लागत नाही.

रात्री गच्चीवर पाणी शिंपून गाद्या टाकल्या.
बाबांना सगळं सांगितलं, ठवकरांसकट.
ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
एकदा एक पोस्टकार्ड वाचलं होतं मी.
उघडंच असते ना ते. नजर गेली.
'दादा, पोरीले चष्मा लागला. तिले आता फळ्यावरचं दिसते.'
एवढंच. पण हात थांबला.
गोणी बांधायले उशीर, अन् इटारसीची गाडी गेली.
मेमो भेटला.

मी हसले. ते नाही हसले.
"तू वाचलं ना, त्या ठवकरचं?"
वाचलं.
"मंग तुयीबी गाडी चुकली असन,"
म्हणाले, आणि कुशीवर वळले.