हातचा

फळ्यावर बेरीज लिहिली की
एसिनामचा उजवा तळहात आपोआप पुढे यायचा.
उत्तरासाठी नव्हे.
आधीच्या शाळेतली सवय.

माझ्याकडे छडी नाही, हे तिला तीनदा सांगितलं.
कपाट उघडून दाखवलं:
खडू, केरसुणी, कुणा सरांची राहिलेली छत्री.
छत्रीकडे तिनं जरा जास्तच वेळ पाहिलं.

मी तरी काय सांगणार तिला.
सात सक बेचाळीसपाशी
माझ्या पोटऱ्या अजून आवळतात.

मग एका दुपारी, व्होल्टा सरोवरावरचा वारा पडलेला,
क्पांडोच्या धक्क्याला होड्या कंदांच्या ढिगाखाली दबलेल्या,
आमच्या रखवालदारानं, आग्बेकोनं,
बदामाखाली आपला लाकडी पाट उलगडला.
बारा खळगे. दर खळग्यात चार सागरगोटे,
राखाडी, हाताळून गुळगुळीत झालेले.
सत्तेचाळीसच होते खरं तर.
हरवलेल्या एकाच्या जागी
जुन्या गणवेशाचं निळं बटण.

“बटण मोजायचं?” एसिनामनं विचारलं.
आठवड्यातला तिचा पहिला प्रश्न.
“घरात पडलं की तेही बीच.”

हा हिशेब नाही, तो म्हणाला, पेरणी आहे.
एक घर उचल, पुढच्या घरांत एकेक टाकत जा.
शेवटची बी जिथे दोन किंवा तीन करते
ते सगळं तुझं.
आणि समोरच्याचं अंगण ओस पडलं,
तर आधी त्याला दाणे द्यायचे.
उपाशी माणसाशी कसला खेळ?

ती बोट लावून मोजायची. ओठ हलायचे.
चुकली की बिया परत गोळा, परत पेरणी.
आग्बेको कोलाचं बी चघळत बसायचा,
त्याला कुठे जायचं नव्हतं.
सुट्टी संपल्याची घंटा व्हायची, ती वाजवणाराही तोच,
म्हणून कधी कधी ती उशिराच व्हायची.
मी हजेरीपुस्तकात तोंड घालून न पाहिल्यासारखं करायचे.

कधी तरी ओठ हलायचे थांबले.
नेमकं कधी, ते मला सांगता येणार नाही.
नऊ बियांची मूठ वजनावरून ओळखायला लागली
आणि हात उचलण्याआधीच
शेवटची कुठे पडणार ते डोळ्यांनी गाठायला.

काल फळ्यावर लिहिलं:
एकोणतीस अधिक एकोणीस.
कुणाचं नाव घेतलं नाही.
तीच उठली.

डाव्या हाताची बोटं मांडीवर पेरणी करत होती.
उत्तर लिहिलं: अडतीस.
मागून कुणीतरी फिसकन हसलं.
मी गप्प राहिले; शिकवण्यातलं
सगळ्यात अवघड काम ते.

तिनं तळहात उघडला.
माझ्यापुढे नाही. स्वतःपुढे.
वाकून आत पाहिलं,
पाटाखाली घरंगळलेली बी शोधावी तसं.
“हातचा राहिला,” म्हणाली.

आणि तो एक, ज्याचं मोल दहा,
दोन बोटांच्या चिमटीत धरल्यासारखा
तिनं शेजारच्या घरात टाकला,
तीन पुसून चार केले,
खडूचा हात स्कर्टला पुसला
आणि जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी आग्बेकोशी ती पुन्हा हरली.
पंचवीस-तेवीस.
पण निळं बटण
तिच्या तेवीसांत होतं.